पिकअप साठला का थरथरते?

सेकंडहँड पिकअप घेताना माणूस इंजिन ऐकतो, पाटे मोजतो, टायर बघतो, रिकामी गाडी गावात दोन फेऱ्या मारून आणतो आणि व्यवहार करतो. थरथर कळते ती माल भरून हायवेला लागल्यावर. साठच्या पुढे सीटखाली काहीतरी घुमायला लागतं, आरशातली मागची गाडी धूसर दिसते. मग सल्ले सुरू होतात आणि सल्ल्यांमागून खर्च: आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग क्रॉस, मग सेंटर बेअरिंग, शेवटी "हाउसिंग खोलावं लागेल". यातलं एखादं काम लागूही पडतं. पण हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे, लक्षणाकडून कारणाकडे जाणारा नाही. थरथर कशाच्या वेगाशी बांधलेली आहे, चाकाच्या, शाफ्टच्या की इंजिनाच्या, हे आधी शोधायचं असतं, आणि त्याला एक पानाही लागत नाही.

"व्हायब्रेशन म्हणजे बॅलन्सिंग" हा समज निम्मा खरा आहे. पुष्कळ वेळा दोष चाकातच निघतो: शिशाचं वजन पडलेलं, टायरला फुगा आलेला, रिमच्या आतल्या बाजूला शेतातला चिखल वाळून बसलेला. पावसाळ्यात तर आधी रिम आतून धुवावी आणि मगच पैसे मोजावेत. मात्र बॅलन्सिंगच्या मशीनवर वजन बरोबर दाखवणारा टायरही गोलाईत बिघडलेला असू शकतो, विशेषतः रिमोल्ड केलेला. मशीन वजन सांगते, आकार सांगेलच असं नाही. चाक जॅकवर उचलून हळू फिरवलं आणि शेजारी स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला की वर-खाली होणारा टायर डोळ्यांना दिसतो. अलाइनमेंटचं म्हणाल तर ती बिघडली की गाडी ओढते आणि टायर खाते. हादरे आलेच तर त्या खाल्लेल्या टायरमुळे येतात.

आता थोडं गणित. 215/75 आर 15 मापाच्या टायरचा घेर साधारण 2.2 मीटर. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साडेसात फेरे. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे असतात, मध्ये जॉइंट शाफ्ट. क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर चारच्या आसपास धरलं तर शाफ्ट त्याच वेगाला सेकंदाला तीस फेरे मारतो. आणि शाफ्टच्या टोकाच्या सांध्याच्या, म्हणजे क्रॉसच्या, कोनाची गडबड असेल तर एका फेऱ्यात दोन झटके, म्हणजे साठ. साडेसातचा हादरा अंगाला वेगवेगळा कळतो, गाडी डुगडुगल्यासारखी वाटते. तीसचा मोजता येत नाही, पायाखालचा पत्रा आणि गिअरची दांडी झिणझिणते. साठचा जवळजवळ आवाजच असतो. ज्याला अंगावर भरवसा नाही त्याने फोनमध्ये कंपनं मोजणारं ॲप घ्यावं, कुणालातरी शेजारी बसवून फोन सीटच्या पट्टीवर ठेवायला सांगावा आणि आकडा वाचायला लावावा. साडेसातच्या आसपास शिखर दिसलं तर चाकं, तीसच्या आसपास दिसलं तर शाफ्ट. एवढ्यावर अर्धं काम होतं.

"न्यूट्रल टाकूनही थरथरते, म्हणजे शाफ्ट नाही, चाकंच." हे वाक्य मी चांगल्या मिस्त्रींकडूनही ऐकलं आहे, आणि ते चूक आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन सुटतं, शाफ्ट नाही. मागची चाकं फिरतायत तोवर ती हाउसिंगमधून शाफ्टला फिरवतच राहतात. म्हणून मोकळ्या सरळ रस्त्यावर न्यूट्रल टाकून थरथर टिकली तर इंजिन आणि क्लच सुटले, एवढंच सिद्ध होतं. दुसरी चाचणी वेग तोच ठेवून गिअर बदलण्याची. साठला चौथा आणि साठलाच पाचवा. थरथर तशीच राहिली तर दोष चाकाच्या किंवा शाफ्टच्या वेगाशी बांधलेला आहे. बदलली तर इंजिनाकडे, त्याच्या फाउंडेशनच्या रबरांकडे बघा. फक्त चौथ्यात गाडी चालवून निकाल देऊ नये. पाच गिअरच्या पुष्कळ गाड्यांत चौथा थेट असतो, इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, दोघांची थरथर एकच वाटते.

आता क्रॉस. गाडीखाली जाऊन शाफ्टला हात घालायचा, गदगदा हलवायचा, "प्ले नाही, क्रॉस ओके." प्ले असलेला क्रॉस खराब हे खरं, पण उलट खरं नाही. ग्रीस संपून सुया गंजलेला क्रॉस घट्ट बसतो आणि हलवून बघताना अगदी नव्यासारखा वाटतो. त्याची खूण कपाच्या कडेला असते: विटकरी रंगाची बारीक भुकटी, जणू कोणी हळद-कुंकू मिसळून चिमूटभर टाकलंय. भुकटी दिसली की शाफ्ट उतरवायचा आणि जॉइंट दोन्ही दिशांना हाताने वळवून बघायचा. चांगला क्रॉस सगळीकडे एकसारखा सरकतो. खराब क्रॉस मधल्या जागी खाचेत बसल्यासारखा अडतो, कारण वर्षानुवर्षं त्याच कोनात फिरून सुयांनी तिथे खाचा पाडलेल्या असतात. याच्या उलट, शाफ्ट हाताने फिरवला की थोडा मोकळा खेळ जाणवतो. तो बहुतेक वेळा क्राऊन-पिनियनच्या दातांमधला असतो आणि थोडा असायलाच हवा. तेवढ्यावरून हाउसिंग खोलू देऊ नका. क्रॉसचा खेळ बघायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंचे योक दोन हातांत धरून उलटसुलट पिळायचे.

जुन्या गाडीत याहून जास्त फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरला की पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत असला तरी मागचा भाग एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच या सांध्याचा अभ्यास केला होता, म्हणून त्याला हूकचा सांधा असंही म्हणतात. 10 अंशांच्या कोनात हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. 3 अंशांत तो एक-सप्तमांश टक्क्यावर येतो. कोन तिपटीहून थोडा जास्त, त्रास जवळजवळ अकरापट. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस अशा बेताने बसवतात की एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराने कापला जावा. त्यासाठी दोन्ही योक ठरलेल्या रांगेत लागतात आणि दोन्ही कोन जवळपास सारखे लागतात.

आता क्लचप्लेट बदलायला शाफ्ट उतरवला, सरकता जोड वेगळा झाला आणि बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले, की एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराने पुरता कापला जात नाही. पार्ट सगळे चांगले, गाडी थरथरते. मालकाला गॅरेजमधून आणल्यावरच त्रास सुरू झाल्याचं आठवत असतं, पण "क्लचचा आणि याचा काय संबंध" म्हणून तो ते बोलत नाही. सेकंडहँडमध्ये तर हे सांगणारा मालकच समोर नसतो. मूळ खूण, बाण किंवा ठिपका, चिखलाखाली असते, घासून काढावी. उतरवण्याआधी स्वतःची खूण पंचने मारणं हे दोन मिनिटांचं काम आहे, खडूची खूण डिझेलने पुसली जाते.

"भरली की शांत चालते, म्हणजे काही नाही." उलट हे बरंच काही सांगून जातं. जास्त माल घालता यावा म्हणून मागे दोन-दोन पाटे चढवलेली पिकअप रिकामी असताना मागून उंच उभी राहते आणि मागच्या क्रॉसचा कोन बिघडतो. माल पडला की कोन जागेवर येतो, थरथर जाते. नवा क्रॉस टाकूनही ती परत येणार, आणि तो क्रॉसही लवकर जाणार. पाटे काढा किंवा जाणकाराकडून ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पाचर बसवून कोन दुरुस्त करून घ्या. कोन शून्य केला तर मात्र बरं नाही. सुया फिरतच नाहीत आणि एकाच जागी खाचा पाडतात, म्हणून अंशभर तरी कोन हवाच.

चढावर भरलेली गाडी उचलताना येणारा धडधडाट क्लचच्या नावावर खपतो. क्लचचा असेल तर पाय पूर्ण सोडल्यावर तो थांबतो. पाय सुटल्यावरही वीस-पंचवीसपर्यंत टिकला तर सेंटर बेअरिंगचं रबर लोंबलंय का ते बघा. लांब चेसिसला शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि त्याचा मधला आधार हेच बेअरिंग.

उरला शाफ्टचा समतोल. "लेथवर लावून बॅलन्स केला" असं कोणी म्हणालं तर लेथवर वाकडेपणा कळतो, हे लक्षात ठेवा. समतोल बघायला शाफ्ट वेगाने फिरवणारी वेगळी मशीन लागते, आणि ती सगळीकडे नसते. तिथे नेण्याआधी शाफ्ट स्वच्छ पुसा. विकण्यापूर्वी गाडीखाली काळं कोटिंग मारताना शाफ्टवरही जाड थर बसतो. तेवढ्याने समतोल जातो, शिवाय विटकरी भुकटी आणि सुटलेल्या वजनाचा डाग दोन्ही झाकले जातात. गुंडाळलेली सुतळी किंवा गोणीचं प्लास्टिकही काढून टाका. तरी राहिलं तर जुनी युक्ती आहे: शाफ्टच्या मागच्या टोकाला खडूने चार भाग करायचे, पाइपाची पोलादी क्लिप आवळून तिचा स्क्रू एकेका खुणेवर आणायचा आणि दरवेळी त्याच रस्त्याने, त्याच वेगाने चक्कर मारायची. एका जागी थरथर कमी झाली तर वजन कुठे कमी आहे ते कळलं. चारही जागी काहीच फरक पडला नाही तर शाफ्टच्या समतोलावर पैसे घालू नका, पुन्हा कोन मोजा. गाडी उचलताना टेकू चेसिसला नको, ॲक्सलखाली द्या. चाकं लोंबली की कोन वेगळेच दिसतात. आणि शाफ्ट फिरता ठेवून खाली कोणालाही पाठवू नका.