घटमाला-स्थितिदर्शक, मोटारसायकलीचा

मोटारसायकलीच्या संचायक घटमालेचा (बॅटरीचा) विद्युत् दाब दाखवून तिच्या बिघाडाची पूर्वसूचना देणारे उपकरण. १२ व्होल्टांच्या शिसे-अम्ल घटमालेत ६ घट असतात. काही तास उभ्या असलेल्या वाहनात दाब सु. १२·६ व्होल्ट वा अधिक असल्यास ती पूर्ण भारित समजतात. १२ व्होल्टांच्या आसपास ती बरीच रिकामी असते. एंजिन मध्यम गतीने चालू असता दाब सामान्यतः १३·५ ते १४·५ व्होल्ट असतो. तो न वाढल्यास जनित्र, दाबनियामक व जोडण्या तपासतात.

उष्णतेमुळे घटांतील पाणी लवकर कमी होते व पट्टिकांचे संक्षारण वाढते. म्हणून पारोळ्यासारख्या खानदेशातील गावी, जेथे उन्हाळ्यात तापमान ४०° से. पेक्षाही जास्त होते, हे उपकरण विशेष उपयुक्त ठरते.

ते बसविताना प्रथम ऋण अग्राची तार सोडवितात. धन तारेत अग्राजवळ लहान क्षमतेचा फ्यूज घालून जोडणी चावीच्या स्विचातून घेतात. उपकरण थेट अग्रांना जोडल्यास वाहन बंद असतानाही प्रवाह वाहतो. हा प्रवाह केवळ १० मिलिअँपिअर असला, तरी ५ अँपिअर-तास क्षमतेची घटमाला सु. तीन आठवड्यांत रिकामी होते. म्हणजे रक्षणासाठी बसविलेले साधनच हानीचे कारण बनते.