एक लाइन, चार फोन आणि इंटरनेट

भिलाईच्या सेक्टरमधल्या जुन्या क्वॉर्टरमध्ये शिरलात की दाराच्या चौकटीपासून भिंतीच्या कडेकडेने गेलेली एक पातळ वायर दिसते. प्रत्येक दिवाळीच्या रंगाचा एकेक थर तिच्यावर बसलेला असतो. ही वायर हॉलमधल्या फोनपाशी थांबत नाही. ती बेडरूममध्ये जाते, स्वयंपाकघरात जाते, कधी मागच्या व्हरांड्यातही जाते. जिथे जिथे ती जाते तिथे एक फोन असतो, किंवा कधीकाळी होता. आपण त्याला ‘पॅरलल’ म्हणतो.

१९५९ मध्ये इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडची कितीतरी मराठी कुटुंबं प्लान्टच्या नोकरीमुळे इथलीच झाली. पुढे त्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेली. फोन आला की घरातल्या प्रत्येकाला बोलायचं असायचं, आणि एकाने रिसीव्हर उचलला की दुसऱ्या खोलीत दुसऱ्याने उचलून मध्येच बोलायला सुरुवात करायची, ही आमच्याकडची कॉन्फरन्स कॉलची पद्धत. एका लाइनवर तीन-चार फोन असणं त्यामुळे अगदी नेहमीचं होतं.

मग त्याच तारेवरून इंटरनेट आलं. ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली. त्या धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस ठरला होता. (२०२३ मध्ये ही व्याख्या २ एमबीपीएसवर गेली.) आता शहरांत फायबर झपाट्याने पसरतंय. तरी ज्यांच्या घरी इंटरनेट अजून तांब्याच्या तारेवरूनच येतं, त्यांचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं एकच आहे. फोनची घंटा वाजली की नेट जातं. बोलताना कानात सतत ‘शूऽऽ’ असा आवाज येतो.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, “बाकीचे फोन काढून टाका, एकच ठेवा.” शेजारी सांगतात, ओळखीचा वायरमन सांगतो, घरातला कॉलेजला जाणारा मुलगा तर फारच ठामपणे सांगतो. एक ठेवायचा म्हणजे कुठला? अर्थातच हॉलमधला, मॉडेमजवळचा. आणि पहिला निघतो तो आजीच्या पलंगाशेजारचा.

माझ्या आत्याच्या घरी नेमकी हीच वेळ आली होती. नेहरूनगरला दुमजली घर, चार फोन. आत्याच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो, ८२ वर्षांच्या. मोबाइलची काच त्यांच्या बोटांना दाद देत नाही. जुन्या फोनची बटणं मात्र त्या अंधारातही चाचपून दाबतात. रात्री बरं वाटेनासं झालं तर वरच्या मजल्यावर झोपलेल्या मुलाच्या मोबाइलवर त्या याच फोनवरून मिस्ड कॉल देतात. घरातल्या नेटसाठी हा फोन काढायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. तसं करायची गरज नसते, म्हणून हा लेख.

एकाच तारेवर दोघांचा संसार

आपला आवाज टेलिफोनच्या तारेतून जातो तेव्हा साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतचीच जागा वापरतो. तार मात्र त्याहून खूप जास्त कंपनसंख्येचे संदेश वाहू शकते. डीएसएल ही वरची रिकामी जागा वापरतं. आपल्याकडे घरोघरी आलेला त्याचा प्रकार म्हणजे एडीएसएल. तो साधारण २५ किलोहर्ट्झच्या वरून सुरू होऊन ११०० किलोहर्ट्झपर्यंत जातो, आणि नंतर आलेला एडीएसएल-टू-प्लस त्याच्या दुप्पट वर. म्हणजे खालच्या मजल्यावर आवाज आणि वरच्या मजल्यावर इंटरनेट. म्हणूनच आधीच्या डायल-अपसारखं फोन ‘एंगेज’ न ठेवता दोन्ही एकाच वेळी चालतं.

भांडण होतं ते जिन्यात. टेलिफोन हे यंत्र डीएसएल येण्याच्या कितीतरी आधी तयार झालेलं. वर कुणी राहतं याची त्याला कल्पनाच नाही. त्यामुळे तो इंटरनेटचे संदेशही थोडेफार गिळतो आणि आपल्याला ते ‘शूऽऽ’ म्हणून ऐकू येतात. उलट, रिसीव्हर उचलला किंवा घंटा वाजली की तारेवरचा विजेचा तोल एकदम बदलतो आणि मॉडेमची पकड सुटते. एक फोन असेल तर हा त्रास एका जागी. चार असतील तर चार जागी, आणि त्यातला एक जरी मोकाट असला तरी बाकी तिघांनी नीट वागून उपयोग नसतो.

जिन्यात दार बसवायचं काम फिल्टर करतो. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. ती फोनकडे फक्त खालची, आवाजाची कंपनं जाऊ देते. स्प्लिटर हा त्याचाच मोठा भाऊ, त्याला तीन तोंडं असतात: लाइन, फोन आणि मॉडेम. ब्रॉडबँड घेतल्यावर बहुतेकांना मॉडेमबरोबर एक स्प्लिटर मिळतो आणि तो हॉलमधल्या फोनला लावला जातो. आतल्या खोल्यांकडे जाणारी पॅरलल वायर मात्र स्प्लिटरच्या आधीच फुटलेली असते. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. हॉलमधला फोन दाराच्या आत आणि बाकीचे तिघे बाहेर!

मग काय करायचं?

रस्ते दोन आहेत. मला पहिला जास्त आवडतो, कारण तो एकदाच करावा लागतो.

बाहेरची लाइन घरात येते तिथे भिंतीवर एक छोटी चौकोनी डबी असते. लाइनमन तिला रोझेट म्हणतात. स्प्लिटर तिथेच, अगदी पहिल्या डबीवर बसवायचा. बाहेरून आलेली तार त्याच्या ‘लाइन’ तोंडात. ‘फोन’ तोंडातून निघालेल्या तारेवर घरातले सगळे पॅरलल. आणि ‘मॉडेम’ तोंडातून एक स्वतंत्र वायर थेट मॉडेमला, मध्ये कुठेही फाटा न फुटता. आता फोन चार असोत की दोन, सगळे एकाच दाराच्या आत आले. यात पॅरललची वायर एका ठिकाणी सोडवून पुन्हा जोडावी लागते, म्हणून लाइनची माहिती असलेल्या माणसाकडून करून घ्या. तारेवर एरवी सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो, पण घंटा वाजते तेव्हा तो बराच वाढतो. हात लावायचाच असेल तर बाहेरची लाइन आधी सुटी करा.

भाड्याचं घर असेल, किंवा वायर भिंतीतून गेल्यामुळे पहिली डबीच सापडत नसेल, तर दुसरा रस्ता. प्रत्येक फोनमागे एकेक फिल्टर लावायचा आणि मॉडेम सरळ लाइनला जोडायचा. मॉडेमच्या आधी फिल्टर लावू नका. तसं केलं तर त्याच्यापर्यंत इंटरनेट पोचणारच नाही. मॉडेम आणि फोन एकाच जागी असतील तर तिथे स्प्लिटर वापरा. ही पद्धत तीन-चार फोनपर्यंत चांगली चालते. त्याहून जास्त फिल्टर लावले की त्यांचाच भार लाइनवर पडायला लागतो.

फोन मोजताना मात्र सावध राहा. आपण ‘फोन’ म्हणतो तेवढंच लाइनवर नसतं. जुनी कॉलर आयडीची डबी, फॅक्स मशीन, कॉर्डलेस फोनचा बेस, या सगळ्यांना फिल्टर लागतो. आत्याच्या घरी सगळं लावूनही संध्याकाळी नेट तुटत राहिलं. शेवटी कपाटामागे एक कॉलर आयडीची डबी सापडली. तिला जोडलेला फोन केव्हाच मोडीत गेला होता, डबी मात्र लाइनवर तशीच. ती काढल्यावर मॉडेमचा दिवा स्थिर झाला. आजीचा फोन पलंगाशेजारीच राहिला.

रिकामी वायरसुद्धा त्रास देते, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. ज्या फाट्याच्या टोकाला आज काहीच नाही, तिथपर्यंत जाऊन इंटरनेटचे संदेश भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखे परत येतात आणि मूळ संदेशांत मिसळतात. वापरात नसलेले फाटे डबीतूनच सोडवून टाका.

आमच्याकडे आणखी एक गंमत असते. प्लान्टचं स्वतःचं टेलिफोनचं जाळं आहे आणि काही अधिकाऱ्यांच्या घरी तो फोन वेगळा असतो. त्याच्या तारेशी आपल्या ब्रॉडबँडचा काही संबंध नाही. पण दोन्ही तारा एकाच कोपऱ्यातून घरात येतात आणि पुढे कुठला फोन कुणाचा हे विसरायला होतं. डायल टोन ऐकून आधी खात्री करा आणि डबीवर पेनने लिहून ठेवा.

दोष घरात की बाहेर?

तक्रार करण्याआधी हे शोधता येतं, आणि तेही फुकट. घरातले सगळे फोन काढा. मॉडेम उचलून पहिल्या डबीपाशी न्या आणि थेट लाइनला जोडा. डीएसएल किंवा लिंक लिहिलेला दिवा थोडा वेळ लुकलुकेल आणि मग स्थिर होईल. अर्धा तास तसाच स्थिर राहिला तर बाहेरची लाइन बहुधा ठीक आहे, दोष घरात आहे. मग एकेक फोन परत लावत जा. ज्याच्या येण्याने दिवा डळमळतो, तोच गुन्हेगार. पहिल्या डबीपाशीही दिवा लुकलुकतच राहिला तर मात्र घरातली शोधाशोध थांबवा आणि तक्रार नोंदवा. “माझ्या घरातलं सगळं काढून पाहिलंय” हे वाक्य तक्रार करताना फार कामाला येतं.

दुसरी चाचणी कानाने करायची. साधा फोन पहिल्या डबीला लावा, रिसीव्हर उचला, कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल. त्या शांततेत खरखर ऐकू आली तर तारेच्या जोडात गंज किंवा पाणी आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं.

थोडं धाडस असेल तर मॉडेमच्या आतही डोकावता येतं. बहुतेक मॉडेममध्ये ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत १९२.१६८.१.१ टाकलं की त्याचं पान उघडतं. तिथे लाइनची स्थिती दाखवणाऱ्या भागात ‘एसएनआर मार्जिन’ बघा. तो ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन तुटत राहणार, १० च्या वर असेल तर बरी. ‘अटेन्युएशन’ म्हणजे एक्स्चेंजपासून येताना संदेश किती क्षीण झाला. हा आकडा जितका कमी तितका चांगला. एक्स्चेंजपासून तार चार-पाच किलोमीटर लांब गेली असेल, तर घरात कितीही स्प्लिटर बदला, वेग वाढणार नाही. अशा वेळी घरातल्यांवर चिडण्यात अर्थ नाही.

वळीव आला, विजा कडाडायला लागल्या की मॉडेमची वीज काढतो तशी टेलिफोनची तारही काढा. खूप मॉडेम त्या तारेतूनच जळतात. आणि कॉर्डलेस फोनचा बेस राउटरला चिकटून ठेवू नका. काही कॉर्डलेस फोन वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि मग दोष लाइनला दिला जातो.

तुमच्या गल्लीत फायबर आलं असेल तर यातलं बरंचसं संपेल, पण पॅरललचा प्रश्न संपत नाही, तो जागा बदलतो. फायबरच्या डब्याला फोनसाठी एक तोंड असतं. घरातल्या जुन्या पॅरलल वायर त्याला जोडता येतात, फक्त बाहेरून येणारी तांब्याची तार आधी पूर्ण सोडवायला हवी. एकाच वायरवर दोन्हीकडून वीज येता कामा नये. फिल्टरची तिथे गरज नाही. जुना नंबर कायम राहील का, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. आणि घरात आजीसारखं कुणी असेल तर एवढं आवर्जून करा: तांब्याच्या तारेवरचा साधा फोन घरातली वीज गेली तरी चालतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळते. फायबरच्या डब्याला मात्र घरचीच वीज लागते. तो डबा पहिल्याच दिवशी इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावून घ्या.