वऱ्हाडातल्या विजेचं घड्याळ

वीज किती वापरली यापेक्षा ती कधी वापरली, यावर बिल फिरतं, हे घरगुती ग्राहकाला आता कळू लागलं आहे. कारखानदाराला ते कधीचं पाठ आहे. उच्चदाब औद्योगिक ग्राहकाला महावितरण वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट देत आलं. सकाळी ९ ते १२ मात्र ८० पैसे जादा आणि संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. २०२५ च्या दरआदेशांनी हे कोष्टकच उलटं केलं. सवलत आता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आणि जादा आकार संध्याकाळनंतर. या आदेशांवरून वाद न्यायालयापर्यंत गेले. आकडे पुढेमागे होतील, पण दिशा बदलेल असं वाटत नाही. कारण हा बदल वीज बनवण्याच्या पद्धतीतच झाला आहे.

कोळशाचा बॉयलर संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण भारावर आणायला कित्येक तास जातात आणि तेल जळतं ते वेगळंच. म्हणून रात्री मागणी उतरली तरी संच चालूच ठेवायचे आणि उरलेली वीज खपवायला कारखान्यांना सूट द्यायची, अशी ती जुनी व्यवस्था. शेतीपंपांनाही रात्रपाळी लावली गेली, त्यामागेही भाराची हीच विभागणी होती. सूर्याचं तंत्र नेमकं याच्या उलट. दुपारी वीज मुबलक, दिवेलागणीला शून्य. अमरावती-अकोल्याच्या शेतीवर आणि उद्योगांवर या बदलाचा परिणाम काय होतो, हे म्हणूनच घड्याळ समोर ठेवून पाहावं लागतं.

पारस आणि नांदगावपेठ

अकोल्याहून शेगावकडे निघालं की गायगावनंतर पारस लागतं. बाळापूर तालुक्यातलं हे गाव साठच्या दशकापासून वीज बनवत आहे. जुने लहान संच कधीच निवृत्त झाले. आज तिथे महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, एक २००८ सालचा, दुसरा २०१० चा. दोन्ही पूर्ण भारावर चालले तर दिवसाला साधारण आठ हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीचे दोन रेक. आपल्याकडच्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. त्यामुळे दोन रेक कोळसा आत गेला की अडीच-तीन हजार टन राख रोज मागे उरते. ती बंधाऱ्यात साठते, सिमेंट कारखान्यांत जाते, विटांत जाते.

दुसरं केंद्र अमरावतीजवळ नांदगावपेठला. सुरुवातीला इंडियाबुल्सचा आणि आता रतनइंडियाचा असलेला हा प्रकल्प जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सोफिया’च आहे. २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॅट. ते २०१३ ते २०१५ या काळात सुरू झाले. या प्रकल्पावरून जिल्हा पेटला तो धुरापेक्षा पाण्यासाठी. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर बांधलेलं अप्पर वर्धा धरण शेतकऱ्यांना ओलिताच्या नावाने दाखवलं होतं. त्यातलं वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी या प्रकल्पाला मंजूर झालं. ज्या जिल्ह्यात सिंचनाचा अनुशेष आणि शेतकरी आत्महत्या या दोन गोष्टी एका वाक्यात बोलल्या जातात, तिथे त्यावर आंदोलनं होणारच होती.

हा पाण्याचा हिशेब विसरू नये. जुन्या औष्णिक केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. सौर पॅनलला पाणी लागतं ते फक्त धुण्यापुरतं. कोळशाची वीज जसजशी कमी होईल तसतसं धरणातलं पाणी मोकळं होईल. ते संत्र्याच्या बागेला जाणार की नव्या औद्योगिक वसाहतीला, हे मात्र आपोआप ठरणार नाही. ती मागणी वेळीच करावी लागेल.

ऊन आहे, पण उष्णता नको

अकोल्याचा पारा ४७ अंशांवर गेला की राज्यभर बातमी होते, आणि ‘एवढं ऊन आहे तर वीज किती होईल’ असा हिशेब लोक मांडतात. तो चुकतो. पॅनलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्याच्या दुपारी काच ६५ अंशांवर तापते, तेव्हा बारा ते सोळा टक्के वीज तिथेच जाते. फेब्रुवारी-मार्चचं निरभ्र ऊन त्या मानाने जास्त फायद्याचं.

दुसरी अडचण पायाखालची. वऱ्हाडातली काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा जमिनीत पॅनलचे खांब वरवर रोवले तर दोन पावसाळ्यांत रांग वाकडी होते. पाया खोल न्यावा लागतो आणि खर्च वाढतो.

तिसरी गोष्ट जागेची. पारसचे दोन संच ऐंशी टक्के भारावर दिवसाला ९६ लाख युनिट देतात. एक मेगावॅट सौर प्रकल्प दिवसाला सरासरी साडेचार हजार युनिट देतो, असं धरलं तर तेवढ्याच विजेला एकवीसशे मेगावॅटचे पॅनल लागतील. मेगावॅटमागे चार एकर धरले की साडेआठ हजार एकर जमीन झाली. एवढी जमीन एका ठिकाणी मिळणार नाही. म्हणूनच सौर वीज तुकड्यातुकड्याने, उपकेंद्रांच्या आसऱ्याने गावोगाव पसरते आहे.

लाइन दिवसा आली तर

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला थ्री फेज लाइन आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री, तीही आठ-दहा तास, याची सवय करून घ्यावी लागली. डिसेंबरच्या थंडीत हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन निघायचं. वाटेत साप, रानडुकरं आणि मेळघाटच्या पायथ्याला त्याहून मोठं काहीतरी. गड्याला रात्रीची मजुरी वेगळी आणि झोप लागली तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली आणि २०२३ पासून तिच्या दुसऱ्या टप्प्याला जोर आला. कल्पना साधी आहे. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. जागेसाठी हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू कपाशीत एकरी निव्वळ पन्नास हजार उरवणारा शेतकरी शोधावा लागेल. त्यामुळे जमीन द्यायला लोक तयार होतात, यात नवल नाही.

स्वतःचा पंप हवा असेल तर सौर कृषिपंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं. तिथे पंप फुकट दिला तरी ओलित होत नाही. तिथे आधी शेततळं हवं, पंप नंतर.

जिन, दालमिल आणि सूतगिरणी

वऱ्हाडातल्या उद्योगाला कोळशानेच जन्म दिला. रेल्वे आली, वाफेवर चालणारे जिन-प्रेस आले, बडनेरा, अचलपूर आणि अकोल्याला गिरण्या आल्या. मूर्तिजापूरला कापूस आणणाऱ्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन तर १९९४ पर्यंत धावत होतं. आता घड्याळ फिरल्यावर यातला प्रत्येक उद्योग वेगळा वागेल.

जिनिंगचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. काम दिवसाच जास्त आणि वर पत्र्याचं लांबच लांब छप्पर. नेट मीटरिंगचं हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपतं. एप्रिल ते सप्टेंबर बंद जिनच्या छपरावर तयार झालेली वीज महावितरणच्या खात्यात जमा होते आणि गाठी बांधताना वळती होते. हंगाम आणि हिशेब इतके जुळणारे उद्योग थोडे. अकोल्याच्या दालमिलींनाही दिवसपाळीचा फायदा आहे. शिवाय २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित वीज बाहेरून विकत घेण्याची अट एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणल्याने मध्यम कारखान्यालाही ती वाट खुली झाली.

सूतगिरणीचं गणित बिघडतं. तिथे चाती चोवीस तास फिरतात आणि रात्रीची दीड रुपया सूट हा तिचा नफा होता. कापड रंगवणाऱ्या कारखान्याची अडचण आणखी वेगळी. त्याला वाफ लागते आणि बॉयलर विजेवर चालवणं अजून परवडत नाही. नांदगावपेठच्या वस्त्रोद्योग वसाहतीत, तसंच २० सप्टेंबर २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या हजार एकरांच्या पीएम मित्र पार्कमध्ये हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा लागेल. कारण परदेशी ब्रँड आता कापडाबरोबर त्याच्या कार्बनचाही हिशेब मागतात. अर्थात स्वस्त वीज मिळाली म्हणजे गिरणी चालली, असं नाही. अचलपूरची फिनले मिल करोनाच्या काळात थांबली, ती वीज महागली म्हणून नव्हे.

पारसचं काय?

देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा २०२५ साली कोळसा-वायूखेरीजच्या स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष युनिटांत मात्र कोळसाच अजून पुढे आहे आणि संध्याकाळ तोच सांभाळतो. दुपारी सौर वीज आली की औष्णिक संच ५५ टक्के भारापर्यंत खाली आणायचे आणि दिवेलागणीला पुन्हा चढवायचे, असा नवा दंडक आहे. या चढउताराने नळ्या थकतात, देखभाल वाढते. बॅटरी स्वस्त होत जातील तशी ही संध्याकाळही कोळशाच्या हातून जाईल.

पारसला ६६० मेगावॅटचा नवा संच यावा, ही तिथल्या लोकांची जुनी मागणी. तिच्यात हट्ट नाही, पोट आहे. महानिर्मितीचा कायम अभियंता बदलीवर दुसरीकडे जाईल. कंत्राटी कामगार, प्रकल्पग्रस्तांची मुलं, राखेचे ट्रकवाले आणि राखेच्या विटा पाडणारे कुठे जातील? सौर प्रकल्प उभा राहताना माणसं लागतात. उभा राहिल्यावर एक चौकीदार, एक तंत्रज्ञ आणि काच धुणारे चार हात पुरतात.

मधला एक मार्ग शेतातच आहे. औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळावं, असं केंद्राचं धोरण २०२१ पासून आहे. वऱ्हाडात पऱ्हाटी आणि तुराटी बांधावर जाळली जाते. तिच्या कांड्या केल्या तर केंद्राला इंधन, गावाला काम, आणि वेळेवर पऱ्हाटी उपटल्याने गुलाबी बोंडअळीलाही आळा. अडचण गोळा करण्याची आणि वाहतुकीची आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हात घातला तर ती सुटण्यासारखी आहे.

२००८ च्या संचाला २०३३ साली पंचवीस वर्षं पूर्ण होतील. संच त्यानंतरही चालेल, पण विचार आत्ताच हवा: जागेचं, पाण्याचं, पारेषण वाहिन्यांचं आणि माणसांचं काय करणार? तयार वाहिन्या आणि जमीन असलेलं पारस बॅटरी साठवणुकीला उत्तम ठिकाण ठरू शकतं.

आणि जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकरी बांधवांना एक विनंती. करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. मुदत संपल्यावर खांब आणि काचा कोण उचलणार, जमीन पूर्ववत कोण करणार आणि भाडं थकलं तर दाद कुठे मागायची, ही तीन कलमं वाचल्याशिवाय सही करू नका.