संगणक सुरू होत नाही, म्हणजे नेमके काय होत नाही?

उन्हाळी सुटी संपून जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, की परभणी जिल्ह्यातल्या शिक्षकमित्रांकडून एक तक्रार आमच्याकडे हमखास येते : ‘शाळेतला संगणक सुरूच होत नाही.’ शाळा जिंतूरची असो की गंगाखेडची, वाक्य हेच. ‘बरं वाटत नाही’ म्हणणाऱ्या रोग्याला डॉक्टर लगेच विचारतात, ‘नेमकं काय होतंय?’ तोच प्रश्न इथेही विचारायला हवा. तो न विचारल्यामुळे घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या एका सेलपायी चांगला संगणक भंगारात निघतो. नाहीतर ‘फॉरमॅट मारा’ या सल्ल्यापायी शाळेची कित्येक वर्षांची निकालपत्रके पुसली जातात.

बटण दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचे चित्र येईपर्यंत बऱ्याच गोष्टी ठरावीक क्रमाने घडतात. आधीची झाल्याशिवाय पुढची होत नाही. म्हणून दोष शोधताना आपण एकच पाहायचे : नीट घडलेली शेवटची गोष्ट कोणती? बिघाड बहुधा तिच्या लगेच पुढे सापडतो.

सुरुवात भिंतीपासून करू. बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर वीज आत पोचलेली नाही. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. तो लागला तर संशय यूपीएसवर. त्यातली शिसे-आम्लाची बॅटरी दीड महिना चार्ज न होता पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती वीज धरेनाशी होते. यूपीएस वगळून संगणक थेट सॉकेटला जोडल्यावर सुरू झाला, तर संगणक निर्दोष आहे.

इथे जरा आडवाटेने जातो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुकून आक्रसली, की तिचा विद्युतरोध वाढतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या बहुधा यामुळेच. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला विद्युतदाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त भरला तर अर्थिंग तपासायलाच हवे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत राहणे हा साधा उपाय आहे. संगणक सुरू न होण्याशी याचा थेट संबंध नसेलही, पण त्या पत्र्याला मुलांचे हात लागतात.

पेटीतला एसएमपीएस २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करतो. हे दाब स्थिर झाले, की साधारण ०.१ ते ०.५ सेकंदात तो मदरबोर्डला ‘सारे ठीक’ असा संकेत देतो. तोवर प्रोसेसर थांबून असतो. पंखा क्षणभर हलून थांबला, तर एसएमपीएस दुबळा झाला आहे किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. २३० व्होल्टच्या विजेचे शिखरमूल्य १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि आतली संधारित्रे प्लग काढल्यावरही काही काळ हा भार धरून ठेवू शकतात.

प्रोसेसर जागा झाला, तरी त्याला काय करायचे ते ठाऊक नसते. वीज जाताच रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, पुसली गेलेली असते. डिस्कवरचा प्रोग्राम आणायचा, तर तो आणणारा प्रोग्राम आधी हवा! हा पेच सोडवण्यासाठी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटा प्रोग्राम लिहून ठेवलेला असतो. त्याला बायोस म्हणतात. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. ‘बूट होणे’ हा शब्द पायातल्या बुटावरूनच आला. बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलायचे, अशी ती गंमतीची कल्पना.

हा प्रोग्राम आधी घरची हजेरी घेतो. रॅम सापडली नाही तर ते पडद्यावर लिहिता येत नाही, म्हणून बऱ्याच संगणकांत तो पिप-पिप असा आवाज करतो. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे कंपनीनुसार बदलते. पंखे फिरतात पण पडदा काळाच, असे असेल तर मॉनिटरची वायर पाहून मग रॅमकडे वळा. प्लग काढा, अंगावरचा स्थिर विद्युतभार जावा म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड मऊ खोडरबराने हलकेच पुसा आणि खटका बसेपर्यंत परत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगवहीतले तत्त्व इथे फार उपयोगी पडते.

आता तो सेल. मदरबोर्डवर २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा लिथियम सेल असतो. संगणक बंद असताना आतले घड्याळ त्यावर चालते. घड्याळातला क्वार्ट्‌झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो. फळ्यावर करून पाहण्याजोगे गणित आहे. प्लग लावलेला असताना घड्याळाला मुख्य विजेतूनच पुरवठा होतो; सुटीत प्लग काढला की सारा भार सेलवर. जुना सेल मग दम तोडतो. तारीख कित्येक वर्षे मागे जाते, जुन्या संगणकांत डिस्कविषयीच्या नोंदीही पुसल्या जातात आणि संगणक एखादी कळ दाबण्याची वाट पाहत थांबतो. संगणक सुरू झाला तरी चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो.

संगणक नीट सुरू होऊन काही मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरच्या पंख्यात साचलेली धूळ काढा. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या गावात हे वर्षातून दोनदा तरी करावे.

शेवटचा दुवा डिस्कचा. ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर आधीचे सारे दुवे शाबूत आहेत. प्रथम विसरून राहिलेला पेनड्राइव्ह काढा, मग डिस्कच्या वायरी घट्ट बसवा, मग बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर संगणक पुन्हापुन्हा सुरू करू नका. जाणकाराच्या हाती द्या. आवाज नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या चालू संगणकाला जोडावी आणि निकालपत्रके, पाठ, मुलांची माहिती आधी उतरवून घ्यावी. फॉरमॅटचा विचार त्यानंतर.