कॅम्पसवरचा ज्यूद्वेष: कायदा नेमकं काय बघतो?

१९२२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थी फार झाले असं वाटू लागलं. त्यांनी कोटा सुचवला, त्यावर टीका झाली. मग प्रवेशअर्जात धर्म विचारला जाऊ लागला, वडिलांनी नाव बदललंय का तेही. गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ मोजलं जाऊ लागलं. ज्यूंचा टक्का उतरला. अशा अडवणुकीला कंटाळलेल्या ज्यू समाजाने १९४८मध्ये सर्वधर्मीयांसाठी ब्रँडाइस विद्यापीठ काढलं.

आज प्रवेश नाकारता येत नाही, पण आत आलेल्याला नकोसं करता येतं. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने इस्रायलवर केलेला हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध यांमुळे अमेरिकी कॅम्पसवर अशा तक्रारी वाढल्या. ज्यू विद्यार्थ्यांच्या होत्या, तशा मुस्लिम आणि अरब विद्यार्थ्यांच्याही. हार्वर्डने एप्रिल २०२५मध्ये दोन्हींवर स्वतंत्र अहवाल काढले.

कायद्यात मात्र एक मोठी फट आहे. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करू देत नाही. त्यात धर्माचा उल्लेखच नाही. २००४मध्ये शिक्षण खात्याने वाट काढली: ज्यू किंवा शीख विद्यार्थ्याला समान वंशपरंपरेवरून छळलं, तर ते प्रकरण या कायद्यात बसतं. हिंदू विद्यार्थ्यालाही हेच संरक्षण मिळतं.

इस्रायल सरकारवरची टीका, कितीही बोचरी असली तरी, तेवढ्यानेच भेदभाव ठरत नाही. पण ज्यू आहे म्हणून एखाद्याची वाट अडवणं, त्याच्या खोलीच्या दारावर नाझी चिन्ह काढणं हा त्या माणसावरचा हल्ला असतो. असा त्रास गंभीर किंवा सततचा होऊन शिकण्याच्या आड येत असेल आणि विद्यापीठ गप्प बसलं, तर दोष विद्यापीठाचा.

उलट टोकही वाईटच. ज्यूद्वेषाचं कारण देऊन अमेरिकी सरकारने हार्वर्डचं दोन अब्ज डॉलरांहून अधिक संशोधन-अनुदान रोखलं. सप्टेंबर २०२५मध्ये संघीय न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. प्रयोगशाळा बंद पाडून कोणत्याही ज्यू विद्यार्थ्याचं रक्षण होत नाही.

संरक्षणाची कक्षा वाढवताही येते: ब्रँडाइसने २०१९मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावालाही आपल्या नियमांत स्पष्ट मनाई केली. धर्मावरून वगळलेल्यांनी उभारलेल्या संस्थेला जातीचं वगळणं ओळखता आलं, हे आपण लक्षात ठेवावं.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी एवढं करावं: त्रास झाला तर तारखा, निरोप, साक्षीदार लिहून ठेवावेत आणि विद्यापीठाकडे लेखी तक्रार द्यावी. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जायचं असेल, तर मुदत साधारण १८० दिवसांचीच असते.