हळकुंडावर चढवलेला पिवळा रंग

हळद आपल्या घरात नुसता मसाला म्हणून येत नाही. खोकला झाला की दुधात हळद, विळा लागला की बोटावर हळद, लग्न ठरले की नवरानवरीच्या अंगाला हळद. जखम भरून आणण्याच्या तिच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द करून घेतले. आजीबाईला ठाऊक असलेली गोष्ट परक्या देशात कागद दाखवून सिद्ध करावी लागली! अशा या हळदीत शिसे सापडते म्हटले तर कुणाही गृहिणीचा चटकन विश्वास बसणार नाही. पण सापडते, आणि ते तिथे कसे पोचते हे हळद पिकवणाऱ्याने व खाणाऱ्याने दोघांनीही जाणून घ्यायला हवे.

औषधी वनस्पतीत शिसे, कॅडमियम, पारा, सोमल असे जड धातू येण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. एक वाट मातीपाण्याची. ओलीत वाढणारी ब्राह्मी घ्या. ती पाण्यातले धातू अंगात ओढून साठवते. इतके, की घाण पाणी शुद्ध करण्यासाठी तिचा उपयोग होईल का, यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. पाण्याला हे बरे, पण त्याच ब्राह्मीचे तेल करून डोक्याला लावणाऱ्याला किंवा तिचा रस मुलाला पाजणाऱ्याला नव्हे. म्हणून कारखान्याच्या नाल्यावरची ब्राह्मी किंवा वेखंड कितीही तरारलेले दिसले तरी तोडू नये. हमरस्त्याच्या कडेची पानेही टाळावीत. २००० सालापासून आपल्या देशभर शिसे नसलेले पेट्रोल मिळू लागले हे खरे, पण आधी धुरातून मातीत उतरलेले शिसे काही उडून जात नाही.

हळदीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्यावर शिसे चढते ते माणसाच्या हाताने, आणि तेही पीक शेतातून निघाल्यावर.

बांगलादेशच्या खेड्यांत काही वर्षांपूर्वी चारशेहून अधिक गर्भवती स्त्रियांचे रक्त तपासले गेले. दर दहांपैकी तिघींच्या रक्तात शिसे वाजवीपेक्षा जास्त निघाले. गावात कारखाना नाही, मोटारींची वर्दळ नाही, मग शिसे आले कुठून? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही संस्था यांच्या संशोधकांनी माती, तांदूळ, भांडी असे एकेक करत शोध घेतला. शिशाचेही निरनिराळे वाण असतात, त्यांवरून ते कुठले हे ताडता येते. रक्तातल्या शिशाचा वाण जुळला तो स्वयंपाकघरातल्या हळदीशी.

मग कळले की हळकुंडे पॉलिश करताना त्यांवर लेड क्रोमेट नावाचा झगझगीत पिवळा रंग टाकतात. तिकडे त्याला पेउरी म्हणतात. आपल्या पिवडीसारखे नाव वाटले, तरी ही भिंतीला द्यायची साधी पिवळी माती नव्हे. ही चाल १९८०च्या दशकात पडली असे तिथल्या व्यापाऱ्यांनीच सांगितले. पुरात हळद भिजली, काळवंडली, तिला कोणी विचारीना. तेव्हा कुणीतरी हा रंग मारला आणि माल खपला. पुढे पूर नसतानाही रंग चालूच राहिला, कारण गिऱ्हाइकाची नजर त्या पिवळेपणाला सरावली होती. यात लबाडी किती आणि अज्ञान किती, हे ठरवणे अवघड आहे. पॉलिश करणारे मजूर तर ती धूळ दिवसभर स्वतःच्याच छातीत घेत होते.

आता थोडा हिशेब करू. लेड क्रोमेटच्या वजनात जवळजवळ दोनतृतीयांश भाग शिशाचाच असतो. म्हणजे किलोभर हळदीला एक ग्रॅम, चिमूटभरच म्हणा ना, रंग लागला तरी तिच्यात सहाशे मिलिग्रॅमच्या वर शिसे गेले. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोभर हळदीत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम शिसे चालते. साठपट झाले! आणि शिसे उकळून उडत नाही, फोडणीत जळत नाही. त्याला चव नाही, वास नाही.

शिसे पोटात गेले की शरीर फसते आणि त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. बाईला दिवस गेले की हाडांतले कॅल्शियम बाळासाठी सुटू लागते. त्याबरोबर शिसेही सुटते आणि वारेतून गर्भापर्यंत पोचते. लहान मूल पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्या माणसाच्या चारपाच पट हिस्सा शोषून घेते. परिणाम मेंदूवर होतो. मूल आजारी दिसत नाही. शिकायला मंद पडते, लक्ष लागत नाही, चिडचिडे होते. आपण म्हणतो पोरगे मठ्ठ निघाले, आणि चार छड्या देऊन मोकळे होतो. इतके शिसे चालेल अशी निर्धोक मर्यादाच जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही.

हे सारे शेजारच्या देशातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही. २०२०-२१ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील २३ शहरांतून हळदीचे नमुने घेतले गेले. बहुतेक चांगले निघाले, पण पाटण्याच्या एका नमुन्यात किलोमागे दोन हजार मिलिग्रॅमहून अधिक शिसे होते. गुवाहाटी आणि चेन्नईचे काही नमुनेही मर्यादेच्या वर गेले. सांगली, हिंगोली, वसमत ही आपल्याकडची हळदीची मोठी ठाणी. वायगाव आणि सांगलीच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हे नाव सांभाळायचे तर चकाकीच्या मोहाला आपल्या मालात शिरू देता कामा नये.

रंग मारण्याची पाळी येते ती बहुधा शिजवण्या-वाळवण्यात कसूर झाल्यावर. काढणीनंतर दोनतीन दिवसांत हळद शिजवावी. काडी सहज आरपार गेली म्हणजे शिजली समजावे. कमी शिजली की रंग एकसारखा येत नाही, फार शिजली की काळपट पडते. नंतर दहापंधरा दिवस कडक ऊन, खाली स्वच्छ जागा, रात्री झाकण. पॉलिश करताना उजळपणा हवाच असेल तर हळदीचीच पूड पाण्यात कालवून शिंपडावी. बाहेरची पुडी आणून देणारा भेटलाच, तर ती त्याच्या घरच्या हळदीला लावायला सांगावी!

विकत घेणाऱ्या भगिनींनी हळकुंड मोडून पाहावे. हळदीचा खरा रंग आत असतो, सालीवर नव्हे. बाहेरून धमक पिवळे आणि आतून फिकट, तर संशय घ्यावा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात अख्खे हळकुंड सोडावे. चांगले हळकुंड पाण्याला रंग सोडत नाही. रंगवलेले असेल तर लगेच पिवळ्या रेघा उतरू लागतात. पुडीची परीक्षा अशी नेमकी होत नाही, कारण अस्सल पूडही पाणी थोडे पिवळे करते. शिवाय या परीक्षेत हळकुंड उतरले तरी शिसे मुळीच नाही असे ठरत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही ठरलेली फी भरून माल तपासून घेता येतो. त्याची चौकशी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत करावी.

बांगलादेशात २०१९ साली सरकारने हे मनावर घेतले. बाजारात नोटिसा लागल्या, छापे पडले, जागच्या जागी शिसे दाखवणारे यंत्र घेऊन अधिकारी ढाक्याच्या घाऊक बाजारात गेले, व्यापाऱ्यांना जबर दंड झाले. त्याआधी बाजारातल्या शंभर नमुन्यांत सत्तेचाळीस शिसेवाले निघत होते. २०२१ साली एकही निघाला नाही, आणि पॉलिशच्या गिरण्यांतील मजुरांच्या रक्तातले शिसेही उतरणीला लागले.