पदराची उलट बाजू पडद्यावर कशी दाखवावी?

पैठणी घेणारे गिऱ्हाईक आधी पदर उलटून पाहते. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत उलट बाजूस बहुधा सुटे धागे असतात. वेबपानावरून माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला हीच सोय गिऱ्हाइकाला कशी देता येईल, याचा खुलासा आम्ही येथे करीत आहोत.

वेबपानाची सजावट ‘सीएसएस’ या भाषेत लिहितात. तिची पहिली आवृत्ती १९९६ साली आली आणि १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘होव्हर’ हा शब्द दाखल झाला. माऊसचा बाण चित्रावर आला की चित्राचे रूप कसे बदलावे, हे या शब्दाने ठरविता येते.

कृती सोपी आहे. एका चौकटीत दोन फोटो एकावर एक ठेवावेत. वर पदराची सुलट बाजू, खाली उलट. चौकटीवर बाण येताच वरच्या फोटोची ‘ओपॅसिटी’ १ वरून ० व्हावी, म्हणजे खालचा फोटो दिसू लागतो. ‘ट्रान्झिशन’ ०.३ सेकंद ठेवल्यास बदल झटक्याने न होता सावकाश होतो. वीण जवळून दाखवायची असेल तर ‘स्केल’ १.५ करून फोटो दीडपट करावा आणि चौकटीला ‘ओव्हरफ्लो हिडन’ द्यावे, नाहीतर फोटो शेजारच्या मालावर चढतो. मूळ फोटो मोठ्या मापाचाच हवा. लहान फोटो ताणला तर वीण धूसर होते.

आता मुद्द्याची गोष्ट. मोबाईलवर बोटाने काम चालते, तेथे बाण नसतो. फोटोला बोट लावले तर बदल कधी तसाच चिकटून राहतो, तर कधी थेट पुढचे पान उघडते. म्हणजे खरेपणाचा पुरावा म्हणून ठेवलेली उलट बाजू मोबाईलवाल्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतच नाही. यासाठी ‘मीडिया’ नियमात ‘होव्हर’ची अट घालून हा बदल बाण असलेल्या यंत्रांपुरता ठेवावा. मोबाईलवर दोन्ही फोटो एकाखाली एक उघडे मांडावेत. कीबोर्डने पान चाळणाऱ्यांसाठी ‘फोकस’लाही तोच बदल जोडावा.

किंमत, लांबी, रेशीम की पॉलिस्टर, हातमाग की यंत्रमाग, ही माहिती तर बाणाखाली कधीच झाकू नये. व्यापारी बांधवांनी पान ताब्यात घेण्यापूर्वी ते स्वतःच्या मोबाईलवर उघडून पदराची उलट बाजू दिसते की नाही, एवढे जरूर पाहावे.